सुनेचा पान्हा

माझ्या सुनेला सातव्या महिन्यातच मुलगी झाली, आणि ती मुलगी जेमतेम दोन आठवडे जगली. नंतरच्या काही महिन्यांत आमच्या घरात जे घडलं ते मी अगदी जवळून पाहिलं. मी आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत शिकवलं. चौथीच्या पोरांना 'दया म्हणजे काय' हे फळ्यावर लिहून सांगितलं. पण ज्याच्याकडे जास्तीचं आहे त्यानं थोडं दुसऱ्याला द्यावं, एवढाच त्याचा अर्थ माझ्या डोक्यात होता. ज्याच्याकडे काहीच उरलेलं नाही असं माणूस काय देऊ शकतं, आणि दिल्यानं त्याचं काय होतं, हे मला निवृत्त झाल्यावर घरातच बघायला मिळालं.

आम्ही नवी मुंबईतल्या करावे गावातले. माझे यजमान खाडीवर मासेमारी करतात. आता गुडघे बोलतात म्हणून रोज होडी काढत नाहीत, पण भरती बघून आठवड्यातून तीनचार फेऱ्या होतातच. कोळंबी, बोय, चिंबोऱ्या, कधी नशिबानं जिताडा. सगळं एकदम विकलं जात नाही, म्हणून पडवीत एक मोठा डीप फ्रीझर आहे. मुलगा उरणच्या बाजूला एका कंपनीत नोकरीला. सून कोपरखैरण्यात वाढलेली, माणसं मूळची साताऱ्याकडची. तिचे वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होते. दोघांनी आपलं आपण ठरवून लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांत थोडी धुसफुस झाली. तिच्याकडच्यांना आमचं मासळीचं घर आवडलं नव्हतं, आमच्याकडच्यांना घाटावरची सून. पण पोरगी पहिल्या दिवसापासून मला 'आई' म्हणाली, आणि कोळंबी सोलताना नाक दाबून का होईना, माझ्याशेजारी बसली. मग धुसफुस फार टिकली नाही.

सातवा महिना संपत आला होता आणि एका सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं, तिला हॉस्पिटलात नेलं. संध्याकाळपर्यंत बाळ झालंसुद्धा. इतकं लहान की ते बघताना माझा हात आपोआप तोंडावर गेला. यजमानांच्या ओंजळीत मावलं असतं. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी, पायाला तार. मुलगा काचेबाहेर उभा राहून नुसता बघत होता.

सुनेला दूध येत नव्हतं. इतक्या लवकर बाळंत झाल्यावर ते लगेच येत नाही, दोनचार दिवस लागतात, असं तिथल्या सिस्टरनी आम्हाला समजावलं. या सिस्टर मूळच्या केरळच्या, पण मराठी आमच्यापेक्षा स्पष्ट बोलायच्या. अशा बाळांना आईच्या दुधाइतकं दुसरं काही मानवत नाही, म्हणून हॉस्पिटलातच एक दूधपेढी आहे, ज्या बायांना जास्तीचं दूध येतं त्या तिथं देऊन जातात, असं त्यांनी सांगितलं. तुमची हरकत नसेल तर बाळाला ते देऊ. हरकत कसली असणार. एका बारीकशा सिरिंजमधून, नळीवाटे, ते दूध थेंबाथेंबानं आमच्या नातीच्या पोटात गेलं. सून खुर्चीत बसून बघत होती. तिनं सिस्टरना विचारलं, हे कुणाचं आहे. ते कुणालाच सांगत नाहीत, असं सिस्टर म्हणाल्या.

मग सुनेला पान्हा फुटला. ती पंप लावून दूध काढायची, छोट्या बाटल्यांवर तिच्या नावाची चिठ्ठी लागायची, आणि दर दोन तासांनी त्यातलं इवलंसं आत जायचं. एक दिवस बाळानं डोळे उघडले तेव्हा सून धावत बाहेर येऊन मला आत घेऊन गेली. घरी मी पाचवी पुजली. जाऊबाई म्हणाल्या, बाळ घरात नाही तर कशाला. पण सटवाईला घराचा पत्ता ठाऊक असतो तसा हॉस्पिटलचाही असेल, असं मनाशी म्हणून मी पुजली. सगळं नीट होईल असं वाटत होतं. मग बाळाला जंतुसंसर्ग झाला. डॉक्टरांनी, सिस्टरनी, सगळ्यांनी जिवापाड प्रयत्न केले. एका दुपारी पेटीवरचा छोटा दिवा बंद केला गेला.

यजमान आणि मुलगा नातीला शेवटचं घेऊन गेले. आम्ही दोघी घरी आलो. आणि सुनेचं दूध थांबेना.

हे मी आधी कधी कुणाकडून ऐकलं नव्हतं. बाळ गेलं हे मनाला कळतं, शरीराला कळत नाही. शेजारच्या घरातलं पोर रडलं की तिचं पोलकं ओलं व्हायचं. छाती दगडासारखी घट्ट व्हायची, ताप भरायचा. जाऊबाईंनी कोबीची पानं आणून दिली, घट्ट फडकं बांधायला सांगितलं. तिची आई कोपरखैरण्याहून येऊन दोन दिवस राहिली, लेकीच्या पाठीवरून हात फिरवत नुसती बसून असायची. डॉक्टरांनी दूध सुकवायची गोळी लिहून दिली होती. मुलानं ती आणली. सुनेनं ती हातात घेतली, उशीशेजारी ठेवली आणि घेतलीच नाही. ती जेवत नव्हती. मी भात कालवून ताट पुढं ठेवायची, ती दोन घास घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

अशातच वॉर्डातून फोन आला. तिच्या नावाच्या दुधाच्या बाटल्या तिथल्या फ्रीजमध्ये राहिल्या होत्या. त्यांचं काय करायचं, हे सिस्टर फार हळू आवाजात विचारत होत्या. फोन मी घेतला होता. मी सुनेकडे बघितलं. ती उठून बसली. तिनं फोन मागून घेतला आणि विचारलं की त्या दूधपेढीत जमा करता येतील का. मग थोडा वेळ पलीकडचं ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि मला अजून येतंय. ते पण चालेल का?"

त्या संध्याकाळी घरात बरंच बोलणं झालं. मुलगा चिडला होता. त्याला वाटत होतं की ती स्वतःला मुद्दाम त्रास करून घेतेय, गोळी घेऊन सगळं संपवून टाकावं. जाऊबाईंनी दारात उभं राहून त्यांचं मत सांगितलं. जिचं लेकरू गेलं तिचं दूध दुसऱ्याच्या लेकराला देऊ नये, चांगलं नसतं ते. रोज पंप लावायचा म्हणजे रोज ती जखम उघडी करायची, असं मलाही वाटत होतं. सून सगळ्यांचं ऐकून घेत होती. तिचा आवाज आम्ही बऱ्याच दिवसांत नीट ऐकला नव्हता.

ती म्हणाली, "तिच्या पोटात पहिलं दूध माझं नाही गेलं. कुणाचं गेलं ते मला माहीत पण नाही. त्या बाईनं विचार केला असता की कशाला टेन्शन, तर माझी मुलगी पहिले चार दिवस उपाशी राहिली असती."

यजमान बाहेर पडवीत जाळं शिवत बसले होते. ते तसे कमी बोलणारे. थोड्या वेळानं मला पडवीतून आवाज यायला लागला म्हणून मी बाहेर गेले, तर त्यांनी डीप फ्रीझर उघडला होता आणि आतली सगळी मासळी काढून टोपल्यांत भरत होते. मी विचारलं, हे काय.

"मावरा आज इकून टाकतू," ते म्हणाले. "उंद्यापास्न ताजा आनीन नि ताजाच इकीन. तिचा दूध ठेवाला जागा नको?"

बाजार उठायच्या वेळी त्यांनी सगळी मासळी मिळेल त्या भावाला काढली. मग घरी येऊन ते फ्रीझर धूत बसले. चिंच लावली, लिंबू लावलं, सोडा लावला, गरम पाणी ओतलं, पुसला, दार उघडं ठेवून वाळवला, वास घेतला आणि परत पहिल्यापासून धुतला. एवढा दर्यावर्दी माणूस, आयुष्यभर मासळीच्या वासात वावरलेला, फ्रीझरमध्ये डोकं घालून हुंगत होता की वास राहिला तर नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी मी त्यांच्याकडे नव्यानं बघत उभी राहिले.

हॉस्पिटलनं सुनेचं रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. त्यांनी निर्जंतुक केलेल्या बाटल्या दिल्या, कसं काढायचं, कसं ठेवायचं ते शिकवलं. मग आमचा एक दिनक्रम बसला. सून खिडकीपाशी बसून पंप लावायची. पहिल्या दिवशी तिचे डोळे सारखे वाहत होते आणि मी दाराबाहेर उभी होते, आत जावं की नाही हे न कळून. नंतर तिनंच हाक मारली आणि म्हणाली की बसा इथंच, काहीतरी बोला. मग मी शाळेतल्या गमती सांगायची. कुठल्या वर्गात कोण पोरगा डब्यात जिवंत चिंबोरी घेऊन आला होता, असलं काहीबाही. ती ऐकायची. बाटलीत दूध साठत जायचं, आणि माझं बोलता बोलता तिकडे लक्ष जायचं. पिवळसर, दाट. इतक्या दुःखातून हे इतकं गोड काहीतरी कसं तयार होतं, याचं मला रोज नव्यानं नवल वाटायचं. शरीर रडतंय आणि तेच शरीर कुणाला तरी जगवायची तयारी करतंय. मी देवाधर्माची फारशी नाही, पण त्या खिडकीपाशी मला देवळात बसल्यासारखं वाटायचं.

ती एकदा म्हणाली, दिवसभर डोक्यात नुसता गोंधळ असतो, पण हे करताना तेवढा वेळ बरं वाटतं.

दोन दिवसांआड आम्ही रिक्षा करून बाटल्या पोचवायला जायचो. मुलानं एक चांगली बर्फपेटी आणून दिली. तो अजून याबद्दल काही बोलत नव्हता, पण पेटी आणली. मी ती मांडीवर घेऊन बसायची. पाम बीच रस्त्यानं जाताना एका बाजूला उंच उंच टॉवर आणि दुसऱ्या बाजूला आमची खाडी. थंडीचे दिवस होते, चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे उतरलेले असायचे. सून तिकडे बघत असायची. रिक्षावाल्यांना वाटायचं पेटीत मासळी आहे. एकदा एकानं विचारलं की पापलेट आहे का, तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि सुनेच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. हसू म्हणता येणार नाही त्याला, पण तेवढ्यावर माझा सगळा दिवस गेला.

दूधपेढीत पावती, नोंद असलं होऊन बाटल्या आत जायच्या. हे दूध उकळतात का, किती बाळांना जातं, असं मी सिस्टरना विचारत राहायची. त्या सांगायच्या की एका बाळाला एका वेळेला लागतं ते चमचाभर, कधी त्याहून कमी. म्हणजे एका बाटलीतून कितीतरी पोटं. सून काहीच विचारायची नाही. एकदाही तिनं म्हटलं नाही की मला ती बाळं दाखवा.

एक दिवस आम्ही बाटल्या देऊन निघालो होतो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक तरुण बाई बसली होती, हॉस्पिटलचा झगा घातलेला, हातात पंप. ती हुंदके देत होती. शेजारी तिची सासू होती आणि ती हिंदीत काहीतरी पुटपुटत होती, अंगात ताकद नाही, खातच नाही, दूध कुठून येणार, असलं. सून थांबली. मला वाटलं की तिला चक्कर आली, म्हणून मी तिचा दंड धरला. तिनं तो हळूच सोडवला आणि त्या बाईशेजारी जाऊन बसली. मग तिच्या हातातला पंप घेऊन तो कसा धरायचा ते दाखवलं. आधी कोमट फडक्यानं शेकायचं, बाळाचा फोटो समोर ठेवायचा, घाई करायची नाही, पहिल्यांदा काहीच येत नाही आणि त्यात आपली काही चूक नसते, असं हळू हळू सांगत राहिली. सासूला म्हणाली, मावशी, चहा आणता का हिच्यासाठी. सासू उठून गेली.

ती बाई शांत झाली. डोळे पुसून तिनं विचारलं, "दीदी, आपका बच्चा भी अंदर है?"

मला वाटलं की मी पुढं होऊन काहीतरी बोलावं, विषय बदलावा. पण मला काही सुचायच्या आत सून बोलली. तिचा आवाज जराही हलला नाही.

"मुझे बेटी हुई," ती म्हणाली. "बहुत प्यारी थी."

त्या बाईला त्यातला 'थी' कळला की नाही मला माहीत नाही. बहुतेक कळला नसावा, किंवा कळला आणि तिनं कळल्याचं दाखवलं नाही. तिनं फक्त सुनेचा हात धरला. त्या दोघी तशाच बसून राहिल्या. येणारेजाणारे त्यांच्यासमोरून जात होते आणि मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्यासमोर काहीतरी फार मोठं घडत होतं, आणि ते बघायला तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

बाहेर आल्यावर सून गेटपाशी थांबली. म्हणाली, "आई, खोटं नाही ना बोलले मी?"

मी म्हटलं, नाही गं. एक अक्षर खोटं नव्हतं.

मग ती म्हणाली, "मला भूक लागलीय."

समोर वडापावची गाडी होती. बाळ गेल्यापासून तिनं स्वतःहून खायला मागितलं नव्हतं. मी दोन वडापाव घेतले, एक तिला, एक मला. तिनं तिचा संपवला आणि माझ्या हातातल्याकडे बघितलं. मी तोही दिला. लाल चटणी तिच्या हनुवटीला लागली होती, डोळ्यांत पाणी होतं, मिरचीचं की कसलं कोण जाणे, आणि ती खात होती. गाडीवाल्यानं विचारलं अजून एक देऊ का, तर ती मान हलवून हो म्हणाली. रस्त्यावर उभं राहून कुणाला वडापाव खाताना बघण्यात इतका आनंद असतो हे मला कधी ठाऊक नव्हतं.

त्या दिवसानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मध्येच वाईट दिवस यायचे. तिच्या मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाचं बोलावणं आलं तेव्हा ती दिवसभर खोलीत पडून होती. पण संध्याकाळी उठून तिनं पंप लावला. आणि मुलगा बदलला. एक दिवस सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर तो गॅसपाशी उभा राहून पंपाचे भाग आणि बाटल्या पाण्यात उकळत होता, कामावर जायच्या आधी. मला बघून म्हणाला, तिला झोपू दे अजून. त्यानंतर ते काम त्यानं कुणाला करू दिलं नाही. दोघं पुन्हा एकमेकांशी बोलायला लागली ती मला वाटतं त्या भांड्यावरूनच. पाणी किती उकळायचं, फडकं कुठलं घ्यायचं, असं बोलता बोलता. एकदा मी दोघांना मुलीबद्दल बोलताना ऐकलं. तिची बोटं कुणासारखी होती यावर वाद चालला होता. मी आवाज न करता मागे फिरले.

जाऊबाई पुन्हा त्या विषयावर काही बोलल्या नाहीत. पण यजमानांच्या होडीत जास्तीची मासळी आली तर ती ठेवायला त्यांनी आपणहून त्यांचा फ्रीज रिकामा करून दिला.

उन्हाळ्याच्या तोंडावर दूध कमी व्हायला लागलं. सून कामावर परत जायचं म्हणत होती. डॉक्टर म्हणाले की आता हळूहळू थांबवा, शरीराला विश्रांती हवी. मला भीती वाटत होती की हे थांबलं की ती पुन्हा भिंतीकडे तोंड करेल. शेवटची बाटली अर्धीच भरली होती. ती आम्ही नेऊन दिली. सिस्टरनी ती घेतली, झाकण तपासलं, आणि मग बाटली बाजूला ठेवून सुनेला जवळ घेतलं. मग त्यांनी विचारलं की शनिवारी सुट्टी असते का तुला. इथं नवीन आयांशी बोलायला कुणी हवं असतं. आम्ही सांगतो ते वेगळं, तू सांगशील ते वेगळं.

तेव्हापासून सून शनिवारी वॉर्डात जाते. तिला यातून काय मिळतं असं मी तिला एकदाच विचारलं. ती कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली की तिथून येताना अंग हलकं वाटतं, आठवडा जातो त्याच्यावर. मग म्हणाली, "आई, मी त्यांच्यासाठी जाते असं सगळ्यांना वाटतं." आणि पुढचा कपडा झटकून दोरीवर टाकला.

मीही कधी कधी तिच्यासोबत जाते. आत जात नाही, बाहेर बसते. गेल्या शनिवारी ती नेहमीपेक्षा बराच वेळ आत होती. यवतमाळकडची एक पोरगी आली होती, इथं नातेवाईक कुणी नाही, नवरा बांधकामावर. तिला दूध येत नव्हतं आणि ती कुणाशी बोलतही नव्हती, एवढं सिस्टरनी जाता जाता मला सांगितलं. मी बाकावर बसून राहिले. शेवटी दार उघडलं आणि सून बाहेर आली. तिचे केस विस्कटलेले होते, ओढणीवर दुधाचा डाग होता, आणि तोंडावर असं काही होतं की मी उभीच राहिले.

"आलं तिला," ती म्हणाली. "चमचाभर. सिस्टरनी लगेच बाळाला दिलं."

आम्ही बसस्टॉपवर आलो. बस यायला वेळ होता. ती मला सगळं पहिल्यापासून सांगायला लागली, पोरगी आधी कशी तोंड फिरवून बसली होती, मग पहिला थेंब दिसला तेव्हा कशी ओरडली, आणि सांगता सांगता ती इतकी हसायला लागली की मलाही हसू आवरेना. रांगेतली माणसं वळून बघत होती.